कार्डावरचा नंबर

"पंखा बंद करा आधी," वर्षाली म्हणाली, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं. डोळे नीट मिटलेत ना, बघा. कापसाचे बोळे थंड पाण्यात भिजवून पापण्यांवर ठेवा. डोक्याखाली उश्या द्या, डोकं जरा वर राहू दे. घाबरू नका, आम्ही आहोत. इतक्या वर्षांत ही वाक्यं तिच्या तोंडून इतक्यांदा गेली होती, की ती बोलत असताना तिच्या दुसऱ्या हाताने गॅस बारीक केला, ओट्यावरची कोथिंबीर बाजूला सरकवली, आणि आवाज मात्र हलला नाही. मऊ, सावकाश, खालच्या पट्टीतला. माणूस गेलेल्या घराशी फोनवर बोलायचा तो आवाज. पलीकडे एक मुलगी होती. ऐश्वर्या म्हणून नाव सांगितलं होतं तिने, मानपाड्याहून बोलतेय म्हणाली होती, बाबांच्या पाकिटात तुमचं नेत्रदानाचं कार्ड आहे, त्यावर हा नंबर आहे, आणि बाबा सकाळपासून उठत नाहीयेत. एवढं बोलून ती थांबली होती. राहिलेलं वर्षालीने स्वतःच भरून घेतलं होतं. "केला पंखा बंद," मुलगी म्हणाली. चपलांचा फटफट आवाज झाला, नळ सुटला, बंद झाला. "कापूस नाहीये घरात. सुती रुमाल चालेल?" "चालेल." "ठेवला ओला करून." आणि मग फोनपासून लांब, एका घोगऱ्या, चिडलेल्या, पुरुषी आवाजात कुणीतरी म्हणालं, "पंखा कशाला घालवलास गं? लाव तो."

वर्षालीने ओट्याची कड धरली. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिला ती कुठल्यातरी वरच्या मजल्यावर झाल्यासारखी वाटली. "ते बोलले?" तिने विचारलं. "हो. सकाळपासून हेच पहिलं बोलले." "अगं मग लाव पंखा. आधी पंखा लाव. रुमाल काढ डोळ्यांवरचा." "राहू दे ना, त्यांना गार वाटतंय," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही सैल झालं, की वर्षालीला ते ऐकवेना. "ताई, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे नुसतं पालिकेच्या कोविड वॉर रूमला फोन करा म्हणतात. तिथे फोन लागतच नाही." मुलीला कळलंच नव्हतं. तिला तो तापावरचा उपाय वाटला होता. श्वास लागलेल्या माणसाच्या खोलीतला वारा आपण बंद करायला लावला, त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायला लावलं, जिवंतपणी त्याचा मुडदा करून टाकला, हे सगळ्या ठाणे जिल्ह्यात एकट्या आपल्याला ठाऊक आहे, आणि ती पोर आपले आभार मानते आहे.

दोष कुणाचा म्हणायचा? नंबर तोच होता. कार्डं छापली तेव्हा शिवराम सर म्हणाले होते, नंबर असा घ्या की जन्मभर बदलणार नाही, माणूस कधी जाईल सांगता येत नाही. सर तेव्हा नुकते शाळेतून निवृत्त झाले होते. वर्तकनगरातल्या एका जुन्या वसाहतीत तळमजल्याची खोली त्यांना मिळाली, दारावर 'दृष्टिबंधु मंडळ, मरणोत्तर नेत्रदान' अशी पाटी लागली, आणि वर्षाली तिथे आधी रविवारची, मग रोज संध्याकाळची जायला लागली. काम तसं सोपं होतं आणि कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. फोन आला की निघायचं. नेत्रपेढीचे लोक पोचायच्या आत त्या घरी पोचायचं, रडणाऱ्यांतून नेमकं न रडणारं माणूस शोधायचं, आणि त्याच्यापाशी बसून विचारायचं. कधी हो म्हणायचे, कधी अंगावर यायचे. एकदा एका काकांनी तिला जिन्यापर्यंत ढकलत आणलं होतं. तरी तिला भीती अशी कधी वाटली नाही. उलट त्या घरांमधून बाहेर पडून रिक्षात बसलं, की तिला स्वतःचं घर, नवरा महेंद्र, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं दिसायचं. पहिल्या लाटेच्या सुरुवातीला नेत्रपेढीने कळवलं, आता घरोघर येणं बंद, पुढची सूचना येईपर्यंत. सूचना आली नाही. मंडळाची माणसं काही दिवस नुसती घरी बसून राहिली. मग सर म्हणाले, आपल्याला एक गोष्ट येते, वाईट वेळ आलेल्या घरात शिरता येतं. आता शिरायला मनाई आहे तर फोनवरून शिरू. तेव्हापासून मंडळ घरात अडकलेल्या आजाऱ्यांना रोज फोन करायला लागलं. जेवण कुणाचं येतं, औषध आहे का, झोप लागली का. मग डबे आले, मग ऑक्सिमीटर आले, ते नेण्यासाठी माणसं खोलीबाहेर लांब लांब उभी राहायला लागली, आणि एका बाईने सरांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमची ही पाटी तेवढी झाका हो, माझा नवरा आयसीयूत आहे आणि मी इथे 'मरणोत्तर' वाचत उभी आहे. सरांनी स्वतः स्टुलावर चढून पाटीवर गणपतीच्या मंडपाचं उरलेलं कापड बांधलं. डोळे न्यायचा बर्फाचा डबा रिकामाच होता. एका दुपारी वर्षालीने तो उघडला तर आत कुणीतरी ताकाच्या पिशव्या ठेवलेल्या. तिने डबा लावून टाकला. कुणाला बोलायचं? ताक गार राहत होतं आणि रांगेतली माणसं उन्हात होती.

दुसऱ्या लाटेत ह्यातलं काहीच पुरेना. झोप लागली का म्हणून फोन केला तर तिकडून बेड विचारायचे. वर्षाली कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती, ऑफिस घरूनच चाललेलं, त्यामुळे सकाळचा फोन तिच्याकडे. ऐश्वर्याचा फोन आला त्या दिवशी तिने भात तसाच कुकरमध्ये ठेवला आणि डोंबिवलीतली, कल्याणातली हॉस्पिटलं एकेक करून लावायला घेतली. कुठे घंटा वाजत राहायची. कुठे उचलायचे आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगायचे, ऑक्सिजन नाही, आहेत तेच पेशंट हलवतोय. एका ठिकाणी उचलणाऱ्या मुलीला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत वर्षाली फोन धरून उभी राहिली, मग ती मुलगी नुसतं "सॉरी" म्हणाली. मधे मधे ऐश्वर्याचा फोन. बाबांनी पेज घेतली नाही. बाबांचा ऑक्सिजनचा आकडा अजून खाली आलाय. बाबा म्हणतायत गाडीची चावी कुठाय. उत्तम नाव त्यांचं, ठाण्यातल्या एका शाळेची बस चालवायचे. शाळा बंद पडल्यावर बस मालकाच्या आवारात आणि हे घरी. वर्तकनगरच्या गणपतीत मंडळाने टेबल मांडलं होतं, तिथे मुलं उतरवून परत जाताना त्यांनी कार्ड भरलं होतं. वर्षालीला चेहरा आठवेना. त्या टेबलापाशी शेकडो माणसं यायची, काही तर फुकट मिळणाऱ्या पेनासाठी. आई कुठे आहे गं तुझी? आई संगमेश्वरला, आजी अंथरुणावर आहे, तिला ई-पास मिळत नाहीये. शेजारी? शेजारी दार उघडत नाहीत ताई, मजला सील आहे, आणि माझाही रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे.

दुपार होत आली तेव्हा सरांच्या ओळखीने एक अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली आणि पालिकेच्या कोविड सेंटरमध्ये एक जागा. वर्षालीने ड्रायव्हरला नंबर दिला, मानपाड्याला जा म्हणाली, इमारतीचं नाव सांगितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसली. महेंद्रने पाणी आणून दिलं. "जेव आता," तो म्हणाला. "जेवते." ती जेवली नाही, पण तिला वाटलं की सकाळचं ते पंख्याचं आता फिटलं. फिटलं असा शब्दच तिच्या मनात आला. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, ह्या नावाची बिल्डिंगच नाय इथे. पूर्ण मानपाडा फिरलो." "कुठे आहात तुम्ही?" "मानपाडा ना, घोडबंदर रोड. ब्रिजच्या खाली उभा आहे." वर्षालीने डोळे मिटून घेतले. ठाण्यात राहणारं कुठलंही शेंबडं पोर सांगेल की मानपाडे दोन आहेत, एक इथलं आणि एक डोंबिवलीचं. तिलाही ते माहीत होतं. तिने फक्त डोंबिवली म्हटलं नव्हतं. तिच्या डोक्यात सकाळपासून डोंबिवली इतकी भरलेली होती, की तो शब्द तोंडातून बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. "भाऊ, आता निघा ना तिकडे. प्लीज." "आता नाय होणार मॅडम. दुसरा कॉल घेतलाय, इथलाच. ती बाई रस्त्यावर आहे." ती बाई तर आत्ताच रस्त्यावर होती. तिच्याशी भांडायचं तर कशाच्या जोरावर?

ऐश्वर्याला हे सांगायला तिने फोन लावला तर ती म्हणाली, "मला वाटलंच, ट्रॅफिक असेल." ट्रॅफिक कुठला, रस्ते ओस पडले होते. पण मुलीने वर्षालीसाठी कारण शोधून ठेवलं होतं आणि वर्षालीने ते घेतलं. हो म्हणाली. शेवटी मुलीनेच केलं. गॅलरीतून ओरडून ओरडून एक रिक्षा थांबवली, बाबांना पाठीवर रेलवून एकेक पायरी उतरवलं, रिक्षावाला काही न बोलता पुढे बसून राहिला, वळून बघितलंही नाही, पण नेलं त्याने. सेंटरच्या दारात जागा तोवर गेली होती. ती पुन्हा होईपर्यंत ते दोघं रिक्षातच, उन्हात. संध्याकाळी आत घेतलं. "आत घेतलं ताई," तिने सांगितलं, तेव्हा तिचा आवाज परीक्षा सुटल्यासारखा झाला होता. "मला परत पाठवलं. मी घरी आले. आता कुकर लावते." वर्षालीला एकदम आठवलं की आपला सकाळचा कुकर अजून उघडलेलाच नाही.

नंतरच्या दिवसांत ऐश्वर्या सकाळी फोन करायची आणि वर्षाली उचलायची. मंडळाच्या कामात आजाऱ्याला आपण फोन करायचा असतो. इथे उलटं झालं होतं. मुलीजवळ सांगायला काही नसायचं, कारण सेंटरमधून काही कळायचं नाही. 'स्टेबल' हा एकच शब्द तिकडून यायचा. मग ती दुसरंच बोलायची. बाबा बसमधल्या मुलांना उतरवताना प्रत्येकाचं आडनाव घेऊन हाक मारायचे. बाबांना तिखट लागतं. समोरच्या कंपनीचा वास आज जास्त येतोय, म्हणजे माझं नाक परत आलं वाटतं. वर्षाली ऐकायची आणि तिचं मन निसटून त्या हुकलेल्या तासांकडे मागे जायचं. आधी अ‍ॅम्ब्युलन्स पोचली असती तर. जागा हातची गेली नसती, उन्हात बसावं लागलं नसतं. तेवढ्याने फरक पडला असता का? तिने एकदा सरांना विचारलं. सर म्हणाले, "कोण सांगणार? डॉक्टरही सांगणार नाहीत." ते समजूत घालायला बोलले होते. तिला मात्र वाटलं, कुणीतरी सांगावं. पडला असता म्हणावं, नसता पडला म्हणावं, पण सांगावं.

ह्याच दिवसांत तिला विमलाबाई फार आठवायच्या. समोरच्याच वसाहतीत राहायच्या, मंडळाच्या पहिल्या कार्डांपैकी एक त्यांचं. ते त्यांनी देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, हे बघा, माझे डोळे दिलेले आहेत, आता मी नुसती सांभाळते आहे. नेत्रपेढी बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या गेल्या, झोपेत, कोविड वगैरे काही नव्हता. सुनेने फोन करायच्या आधीच सगळं करून ठेवलं होतं, उश्या, ओला कापूस, सगळं. वर्षाली रस्ता ओलांडून गेली आणि दारातच उभं राहून सांगितलं की सध्या बंद आहे. दुकान बंद असल्यासारखं. सुनेला कळेना. "म्हणजे? त्यांचे चांगले आहेत हो डोळे. मोतीबिंदूसुद्धा नव्हता. मग आम्ही आता काय करायचं?" "काही नाही," वर्षाली म्हणाली होती. "पंखा लावा आता. उकडतंय."

आणि आई. आई, मनुबाई, अजून कोळीवाड्यातच होती, बाजार बंद म्हणून घराच्या ओट्यावर मासळीची पाटी घेऊन बसायची. वर्षालीचे वडील गोमाजी गेले तेव्हा वर्षालीने आईपाशी बसून तेच विचारलं होतं जे ती परक्यांना विचारायची, आणि मनुबाईने आपल्या अंगावरचा तिचा हात झटकला होता. "डोले काढून दिले त पुढच्या जन्माला आंधला येल तो. मंग जालं कसा टाकील?" पण नेत्रपेढीची माणसं दारात आल्यावर तिनेच वाट सोडली. "ने. तुझा बाप हाय, ने." त्या दिवसापासून मनुबाई गिऱ्हाईकांच्या डोळ्यांत बघायला लागली. कुणी पोरगा बोंबील घ्यायला वाकला, की मापात एखादा जास्त टाकायची, नंतर लेकीला सांगायची, ह्याचं डोले तुझ्या बापाचं असतील. वर्षालीने समजावून पाहिलं की आई, नुसता वरचा पारदर्शक पडदा बसवतात, नजर ज्याची त्याची असते. मनुबाई म्हणायची, "तुना काय कलतं." आता मास्क आल्यावर ती फोनवर म्हणाली, "एक बरा झाला गो. लोकांचं नुसतं डोलेच दिसतान." वर्षाली हसली होती, आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं की ह्या सगळ्या काळात ज्याचं काम थोडं सोपं झालं असं एकच माणूस आपल्याला ठाऊक आहे.

उत्तम गेल्याचं ऐश्वर्याने एका सकाळी सांगितलं. नेहमीच्याच वेळी फोन आला, नेहमीसारखंच "ताई" म्हणाली, आणि म्हणाली, "बाबा गेले. सेंटरवाल्यांनी आत्ता कळवलं. ते परस्पर नेणार आहेत, मला येऊ देणार नाहीत." मग ती वाट बघत राहिली. वर्षालीच्या घशात तिचा तो आवाज तयार होऊन बसला होता, मऊ, सावकाश, आणि त्याला बोलायला काही नव्हतं. तेव्हा तिला समजलं, की इतकी वर्षं आपण त्या घरांमध्ये न घाबरता जात होतो, ते धीर होता म्हणून नव्हे. आपल्याला काहीतरी मागायचं असायचं म्हणून. मागायचं असलं की माणसाला कुठे बसावं कळतं, कुणाकडे बघावं कळतं, केव्हा उठावं कळतं. ती पुष्कळांच्या दुःखाशी बसली होती, पण हात पसरून. आता ह्या पोरीकडे मागण्यासारखं काही नव्हतं आणि द्यायला तर त्याहून नव्हतं. "ऐकते आहेस ना?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. "हो," ऐश्वर्या म्हणाली. "तुम्ही येता का?"

महेंद्र नको म्हणाला. आत जाता येणार नाही, मुलगी पॉझिटिव्ह आहे, जाऊन करणार काय? ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. तिने स्कूटर काढली. मुंब्र्यावरून शिळफाट्याला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि नाक्यावर पोलिसाने अडवलं. तिने मंडळाचं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून वाचलं, 'मरणोत्तर नेत्रदान प्रचारक', तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता काठीनेच जा म्हणून खूण केली. कल्याण-शीळ रस्ता लांबलचक, मोकळा, दोन्ही बाजूंना अर्ध्या राहिलेल्या टोलेजंग इमारती, त्यांच्या क्रेन जागच्या जागी थांबलेल्या. तिला रस्ताभर वाटत होतं की काहीतरी घ्यायला हवं होतं. फळं, डबा, काहीही. पण वाटेत उघडं काही दिसलं नाही, आणि थांबून शोधायचं तर उशीर होईल असं तिला वाटत राहिलं. कशाला उशीर, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

इमारत जुनी, तीन मजली होती. जिन्याच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले होते आणि त्यावर पालिकेचा कागद. वर्षाली खाली रस्त्यात उभी राहिली आणि फोन लावणार इतक्यात वरच्या गॅलरीत एक मुलगी आली. बारीक, ढगळ टीशर्टमधली, केस नुसतेच बांधलेले. आवाजावरून वर्षालीने तिला थोराड धरली होती. मास्कवरून तिचे डोळे दिसत होते, पण इतक्या उंचीवरून त्यांत काय आहे ते दिसत नव्हतं. "ताई?" तिने वरून विचारलं. "हो गं," वर्षाली म्हणाली, "मीच." फोनवर दोघींना बोलायला जमत होतं. आता मधे फक्त तीन मजल्यांची हवा होती आणि तिच्यातून ओरडून सांगावं असं काही नव्हतं. पंख्याचं सांगावं, मानपाड्याचं सांगावं, असं वर्षालीच्या जिभेवर आलं. पण ते सांगितल्याने हलकी कोण झाली असती? शेजारच्या गॅलरीत एक म्हातारा पडदा बाजूला करून बघत होता, त्याने पडदा सोडला. "आईला पास मिळाला," ऐश्वर्या वरून म्हणाली. "उद्या निघेल." "बरं झालं." "जेवलात का तुम्ही?" तिने विचारलं.

मग त्या मुलीने वळून गॅलरीच्या गजाला बांधलेली दोरी सोडली आणि दोरीच्या टोकाची कापडी पिशवी हळूहळू खाली सोडायला लागली. इतक्या दिवसांत खाली जे कोण येऊन उभं राहिलं ते काहीतरी घेऊनच आलं होतं, दूध, भाजी, औषध. हाताला सवय झाली असणार. पिशवी भिंतीला घासत, जरा गिरक्या घेत उतरली आणि वर्षालीच्या छातीसमोर येऊन थांबली. किराणा दुकानाचं नाव छापलेली, तळाशी दुधाचा डाग पडलेली. वर्षालीने वर बघितलं. ऐश्वर्या गजावरून वाकून वाट बघत होती, वर्षालीने काही आणलेलं नाही हे तिला अजून कळलं नव्हतं. वर्षालीने रिकामा हात पिशवीत घातला आणि तिथेच आतलं कापड मुठीत धरून ठेवलं. वरून दोरी ओढली गेली, ताठ झाली, आणि थांबली. मुलीने पुन्हा एकदा ओढून बघितलं. मग तिने खाली नीट पाहिलं, आणि दोरी सोडली नाही.